बारदान वजा जाता

७२.३.

हर्षिता उतरली, आकडा विझू दिला आणि पुन्हा चढली. ७२.३. मग तिने बांगड्या काढल्या, कानातले काढले, केसांतला चाप काढला आणि बाथरूमबाहेरच्या त्या काचेच्या काट्यावर तिसऱ्यांदा पाय ठेवले. काटा विचारात पडल्यासारखा थोडा लुकलुकला आणि म्हणाला, ७२.४. म्हणजे दागिने काढले की वजन वाढतं. काल याच फरशीवर, याच वेळी, पावणेसहाला, ७१.४ होतं. काल दिवसभरात पोटात अकराशे चाळीस कॅलरी गेल्या, असं फोन म्हणत होता. शेवटचा घास संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी. त्यानंतर एक दाणा नाही. बारा-साडेबारा तास माणूस काही खात नाही आणि सकाळी किलोभर जास्त भरतं, तर मधल्या वेळात त्याच्यात येऊन बसतं कोण? आणि तेही नेमकं आज. आज साडेनऊला धुळ्यात, नात्यागोत्यातल्या साठ-सत्तर माणसांसमोर, हर्षिताची डाळतुला होणार होती. एका पारड्यात ती, दुसऱ्या पारड्यात तूरडाळ. तिच्या भारंभार डाळ मुलींच्या वसतिगृहाला. दोन महिने तप केलं म्हणून.

तप. हा शब्द तिने स्वतः एकदाही उच्चारला नव्हता. तिने फक्त "हं" म्हटलं होतं.

ते "हं" नोव्हेंबरातलं. जळगावात भरिताचे दिवस सुरू झाले होते, शेजारच्या गच्चीवरून भाजलेल्या वांग्यांचा धूर रोज खिडकीतून आत यायचा. हर्षिताच्या जैन घरात वांगं येत नव्हतं. पण धुराला कोण अडवणार? धुरात किती कॅलरी असतात, असं तिने त्या आठवड्यात मुलीला फोनवर विचारलं होतं आणि पुण्यात शिकणारी विधी इतकी हसली होती की तिला उचकी लागली. विधीनेच ते ॲप फोनमध्ये टाकून दिलं आणि विधीच्याच आग्रहाने ती आहारतज्ज्ञ सादिया मॅडमकडे गेली. पोरसवदा बाई, डोक्यावर व्यवस्थित पिन केलेला स्कार्फ, टेबलावर रबरी चरबीचा पिवळा गोळा. "उचलून बघा ताई, हा एक किलो." हर्षिताने तो उचलला होता. थंडगार होता आणि उगाच ओळखीचा वाटला. त्या दिवशी वजन ७३.६. सादिया मॅडमने कागदावर लिहून दिलं: पहिलं जेवण साडेनऊ, दुसरं पाचला, साडेपाचच्या आत आटोपायचं, मधे काही नाही. सोळा तास पोट रिकामं. "पण पाणी मात्र भरपूर. तीन लिटर. रात्रीसुद्धा. पाण्याला कॅलरी नसते." हर्षिताने तो कागद फ्रिजवर चिकटवला. त्याच संध्याकाळी सासूबाई, राजकुंवरबाई, चष्मा सावरत त्या कागदापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. अक्षर बारीक, त्यात डॉक्टरी. दोन आकडे तेवढे त्यांना वाचता आले, साडेनऊ आणि साडेपाच. त्या दिवसांत सूर्य पावणेसहाला मावळत होता. त्या वळल्या तेव्हा चेहरा निराळाच झाला होता.

"बींदणी, बियासणं धरलंस?"

बींदणी म्हणजे सून, आणि दिवसातून दोनच वेळा बसून खायचं ते बियासणं. हर्षिता पोळी उलटत होती.

"दोनच वेळा खाणार म्हणतेय, मम्मीजी."

"आणि सूर्य मावळल्यावर?"

"काही नाही."

"पाणीसुद्धा नाही? चौविहार?"

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. शिट्टीत प्रश्न बुडाला की बुडाला नाही, हे तिला आजही नक्की सांगता येत नाही. ती म्हणाली, "हं." त्या "हं"चा अर्थ 'काय म्हणालात?' असा होता. की 'हो' असा होता? की नुसताच, तव्यावरची पोळी करपायला लागल्यावर माणूस म्हणतो तसा? राजकुंवरबाईंनी तिचा पिठाचा हात धरला आणि स्वतःच्या कपाळाला लावला. कपाळावर पीठ राहिलं. पिठाचं कपाळ घेऊन त्या देवघराकडे गेल्या आणि हर्षिताला वाटलं, आता मागून हाक मारावी. मग वाटलं, पोळी होऊ दे. ती पोळी एकसष्ट दिवस होतेच आहे.

"चला, चला, साखरेआधी मुंग्या पोचतील," असं खालून सासरे, केवलचंद, ओरडले. गाडीत पुढे नवरा, श्रेयांस, आणि ते, मागे सासूबाई आणि ती, मध्ये हारांची पिशवी. एरंडोल आलं. उजाडत होतं आणि दोन्ही बाजूंना कापूस वेचून संपलेली, काळी पडलेली झाडं उभी होती. हर्षिताच्या पोटात काहीतरी झालं. ती भूक होती का? तिने फोन काढला. साडेनऊला अजून दोन तास सहा मिनिटं. म्हणजे भूक नसावी. दोन महिन्यांत हे असं झालं होतं: आधी पोटात काहीतरी व्हायचं आणि मग फोन सांगायचा ते काय होतं. फोन फार शहाणा होता असंही नाही. कळण्याची भाकरी त्याला माहीत नव्हती. ज्वारी आणि उडीद एकत्र दळतात हे त्याच्या गावीच नव्हतं. तो विचारायचा, तुम्हाला पिझ्झा म्हणायचं आहे का? मग ती ज्वारीची भाकरी लिहायची आणि वर थोडं वरण लिहायची आणि उडदाचं राहिलेलं मनात धरायची. मनात धरलेलं कुठे भरतं? बाटी एक, तुपाशिवाय. पण बाटीला तूप नाही असं होत नाही, म्हणून बाटी अर्धी, तुपासकट. मग ती अर्धी बाटी पाच मिनिटं चावायची, आणि राजकुंवरबाई सगळ्यांना दाखवायच्या, बघा कशी अन्नाचा मान ठेवून खाते.

आणि वजन. वजनाने तर तिला पार येडं केलं. पहिल्या आठवड्यात सव्वा किलो गेलं, मग अर्धा किलो आलं. एका मंगळवारी ७०.८ झालं, त्या दिवशी ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली. बुधवारी ७२. मंगळवारी जी बाई जिना चढली ती कुठे गेली? मधे तिने एक पापड खाल्ला होता. सादिया मॅडम म्हणाल्या, "मीठ पाणी धरून ठेवतं ताई, वजन म्हणजे नुसती चरबी नाही, रोज रोज काट्यावर चढू नका." श्रेयांस म्हणाला, "एका पापडाचं सव्वा किलो? आपण डाळ सोडून पापडच विकू." आणि केवलचंद, ज्यांना यातलं काही सांगितलं नव्हतं पण ज्यांच्या कानावर सगळं यायचं, पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "दमट हवेत गोणी किलोभर जास्त भरते. उन्हाळ्यात तीच गोणी कमी भरते. तूर तेवढीच." चाळीस वर्षं दाणाबाजारात डाळ तोलणाऱ्या माणसाचं बोलणं होतं ते. हर्षिताला बरं वाटलं होतं. मग रात्रभर वाटत राहिलं, गोणीचं ठीक आहे, पण आपल्यात तूर कुठली आणि हवा कुठली हे कसं कळायचं?

पाणी ती बाथरूममध्ये प्यायची. रोज आठच्या सुमाराला. दार लावून, नळ सोडून, दात घासायच्या पेल्यातून, तीन पेले. नळाच्या आवाजात घोटाचा आवाज ऐकू येत नाही, हे तिने पहिल्याच दिवशी पारखून घेतलं होतं. आणि बरोबर त्याच वेळेला पलीकडच्या खोलीत राजकुंवरबाई गोळी घ्यायच्या. साखरेवरची गोळी, तिच्याबरोबर पाणी, आणि रात्री साखर उतरू नये म्हणून दोन मारी बिस्किटं. डॉक्टरांनी दम देऊन सांगितलेली. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, धुळ्यात माहेरी असताना, त्यांनी जन्मभराचा चौविहार घेतला होता आणि त्रेचाळीस वर्षं पाळला होता. तो सहा वर्षांपूर्वी दोन बिस्किटांनी मोडला. बिस्किटं खाताना त्या भिंतीकडे तोंड करून बसायच्या. हर्षिताने दाराच्या फटीतून एकदा ती पाठ पाहिली होती, चावताना हलणारी, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी. आणि हल्ली बिस्किटं झाली की त्या बाहेर येऊन हर्षिताच्या कोपराला हात लावायच्या. "माझ्याकडून होत नाही. घरात कुणीतरी करतंय." हर्षिताच्या ओठांवर तेव्हा पाणी असायचं. ती पदराने पुसायची. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत व्रताचे शब्द, पच्चक्खाण, राजकुंवरबाईच म्हणायच्या आणि हर्षिता हात जोडून समोर उभी राहायची. शब्द त्यांचे, हात हिचे. यात खोटं कोण बोललं? हात काही बोलत नाहीत.

पारोळ्याच्या पुढे एका धर्मकाट्याची पाटी लागली. हर्षिता जन्मापासून ही पाटी बघत आली होती आणि ट्रक तोलायच्या काट्याला धर्मकाटा का म्हणतात, असं तिच्या कधी मनात आलं नव्हतं. ट्रक आधी भरलेला तोलतात, मग रिकामा तोलतात, आणि वजा करतात. सोपं आहे. माणूस रिकामा कधी तोलायचा? ती साडेबारा तास रिकामी होती आणि ७२.४ होती. की ७२.३.

तिचं माहेर शिरपूरचं. वडील जिनिंगमध्ये होते आणि दरवर्षी धनत्रयोदशीला हर्षिताला कापसाच्या मोठ्या तराजूत बसवायचे. लाकडी पारडं, साखळ्या, सरकीचा तेलकट वास, आणि मग तो क्षण, ज्यासाठी ती वर्षभर थांबायची: पलीकडे एक माप जास्तीचं पडायचं आणि पाय जमिनीवरून सुटायचे. पोटात गोळा यायचा. वडील ओरडायचे, "अठरा! गेल्या वर्षी सोळा होतीस. शाबास!" शाबास. वजन वाढलं म्हणून. आई लगेच तीट लावायची. मग एकवीस झालं, पंचवीस झालं, शाबास, शाबास, आणि मग कधीतरी ती शाबासकी थांबली. कोणत्या वर्षी? कोणत्या किलोला? तिने खूप आठवून पाहिलं. एका वर्षी तिने आपणहून म्हटलं असेल, नको, मी आता मोठी झाले. की वडीलच म्हणाले? तो एक दिवाळीचा दिवस सापडत नव्हता. बहुधा तो सापडला असता तर बाकीचं सगळं समजलं असतं.

"काय गं, कसला विचार?" राजकुंवरबाईंनी विचारलं.

"काही नाही मम्मीजी."

"सुकलीस किती. चेहरा बघ, एवढासा झालाय."

चेहरा एवढासा आणि आकडा ७२.४. आज सगळ्यांसमोर डाळीच्या गोण्या मोजल्या जातील. तीस-तीस किलोच्या दोन, आणि वर सुटी डाळ. लोक म्हणतील, एवढं तप करून? किंवा काहीच म्हणणार नाहीत, ते आणखी वाईट. पण खरं सांगायचं तर तिला आकड्याची लाज वाटत होती की पाण्याची, हे तिचं तिलाच वेगळं करता येत नव्हतं. उडीद आणि ज्वारी एकत्र दळल्यासारखं झालं होतं. सांगावं का आत्ता? मध्ये हारांची पिशवी आहे, एवढंच अंतर. मम्मीजी, एक सांगायचं होतं. पुढे केवलचंदांची मान डुलत होती. सांगितलं तर या बाईच्या हाती काय राहील? दोन बिस्किटं आणि भिंत. न सांगितलं तर? न सांगितलं तर ती पारड्यात बसेल, पलीकडे डाळ चढेल, वसतिगृहातल्या मुली आमटी-भात जेवतील. डाळ खोटी नसणार. मग यात वाईट काय, असा विचार तिने केला आणि तो तिला पटला आणि तरीही तिला तहान लागली. साडेनऊला एक तास. पाणी चालतं. सादिया मॅडम म्हणतात, पाणी कधीही चालतं. बाटली पर्समध्ये होती. तिने ती काढली नाही.

धुळ्यात चार नंबरच्या गल्लीत, राजकुंवरबाईंच्या माहेरच्या दुकानामागच्या चौकात, लोखंडी घोडीवर तराजू टांगला होता. मोठा, जुना, दांडीचा. इलेक्ट्रॉनिक काटा होता, पण केवलचंदांनी तो नको म्हटलं होतं. "तुलेला दांडी लागते. आकडा दिसला पाहिजे असं नाही, दांडी सरळ दिसली पाहिजे." जळगावच्या दुकानावरचा तोलार अमृत काल रात्रीच्या बसने डाळ घेऊन आला होता. त्याने रिकामी पारडी लावली तेव्हा एक बाजू खाली गेली. त्याने वरच्या बाजूला विटेचा तुकडा बांधून दोन्ही सारखी केली आणि मिशीत हसला. "आते बसा वहिनी. आते खोटं नई तोलाव हाऊ." बायकांनी गाणं धरलं. कुणीतरी हळदी-कुंकवाचं बोट टेकवलं, कुणीतरी हार घातला, मग दुसरा, मग तिसरा. हर्षिताच्या अंगावर जरीची साडी होती, सासूबाईंच्या पाटल्या होत्या, मोगरा होता. ७२.४ मध्ये यातलं काहीच नव्हतं. ती पारड्यात मांडी घालून बसली. साखळ्या करकरल्या. तिचं पारडं जमिनीला टेकलेलं होतं आणि समोरचं रिकामं, वर, तिच्या डोळ्यांच्या उंचीला. गार लाकूड. सरकीचा वास आला, किंवा आला असं वाटलं.

राजकुंवरबाई हार घालायला खाली वाकल्या. शेवटचा हार त्यांचा. गाण्याच्या गलक्यात त्यांनी तोंड तिच्या कानाशी आणलं. त्यांच्या श्वासाला वेलदोड्याचा वास होता.

"एक मागू? या तपातलं अर्धं मला दे. मनातल्या मनात म्हण, अर्धं दिलं. दिल्यानं तुझं कमी होत नाही."

हर्षिताने खरोखरच मनात पाहिलं, की अर्धं काढून द्यायला तिथे काय आहे. अर्धी बाटी होती. तीन पेले पाणी होतं. फोन होता. ७०.८ चा एक मंगळवार होता. एवढ्या मोठ्या पारड्यात बसून तिच्याजवळ द्यायला काहीच निघेना, आणि या बाईने उभ्या आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं.

"मम्मीजी," ती म्हणाली, "द्यायला काही नाही माझ्याकडे. मी रात्री पाणी प्यायचे. रोज. तप नव्हतं ते. वजनासाठी करत होते मी."

बायका कडव्याच्या शेवटाला आल्या होत्या. राजकुंवरबाईंचे हात हारासकट तिच्या खांद्यावर तसेच राहिले.

"हं," त्या म्हणाल्या.

हर्षिता त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. हे कसलं "हं"? ऐकू आलं नाही असं? कळलं असं? की आधीपासून ठाऊक होतं असं? नळाच्या आवाजात घोट ऐकू येत नाही हे तिने पारखलं होतं, पण ते बाथरूमच्या आत उभं राहून. राजकुंवरबाईंनी हार नीट केला. एक सुटलेली कळी खुडून टाकली. मग त्या सरळ झाल्या, चपला काढल्या, एका हाताने साखळी धरली आणि पारड्यात पाय ठेवला.

"अगं, अगं," केवलचंद पुढे आले. "तू कुठे चढतेस?"

"बसते."

"डाळतुला सुनेच्या नावानं आहे. तुझी कसली?"

"सरक जरा," त्या हर्षिताला म्हणाल्या, आणि केवलचंदांना, "माझीपण बेचाळीस किलो डाळ होईल. मुली जेवतील. कंजूषपणा करू नका."

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, सासू-सुनेची एकत्र तुला, ही नवीनच. गाण्याला पुन्हा जोर आला. पारड्यात जागा कमी. राजकुंवरबाईंचा हाडकुळा गुडघा हर्षिताच्या मांडीवर आला आणि त्यांची पाठ तिच्या दंडाला लागली. तीच पाठ. ती आता हलत नव्हती. अमृतने पहिली गोणी चढवली, दुसरी चढवली, काही झालं नाही. तिसरी चढवली. पारडं नुसतं चुळबुळलं. "चौथी लागी!" असं म्हणत तो धावला, आणि दुकानातून आणखी एक गोणी ओढत आणून त्याने तिचं तोंड सोडलं आणि पाटीने डाळ ओतायला लागला. पिवळी धार. एक पाटी, दोन पाट्या. आकडा कुठेच नव्हता. कुणाचं किती, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं, तिला तर नाहीच. तरी ती तोच हिशोब करू पाहत होती, एकूण वजा बेचाळीस, वजा पाटल्या, वजा हार, वजा काल संध्याकाळचं मीठ, आणि तेवढ्यात पाटीतली शेवटची मूठभर डाळ पडली आणि पाय सुटले.

पोटात गोळा आला. राजकुंवरबाईंनी घाबरून तिचा दंड घट्ट धरला. दांडी डोलत डोलत सरळ होऊ लागली.

"थांब," केवलचंद म्हणाले, "दानाची डाळ आहे. गोण्यांचं बारदान वजा कर. गोणपाटाचं वजन देऊन फसवायचं नाही कुणाला."

"करस ना शेठजी." अमृतने आणखी अर्धी पाटी टाकली. मग साडी, पाटल्या आणि हारांनी भरलेल्या त्या दोघींकडे बघून, गालातल्या गालात हसत, त्याने विचारलं, "आन् इकडलं बारदान कितलं धरू?"

सगळा चौक हसला. केवलचंदही हसले. पर्समध्ये फोन थरथरला असावा, साडेनऊ झाले असतील. पर्स श्रेयांसच्या हातात होती, लांब. पारडं जमिनीपासून वीतभर वर हलत होतं, आणि त्या हलण्यात राजकुंवरबाईंनी मान न वळवता, समोरच्या पिवळ्या ढिगाकडे बघत विचारलं,

"भूक लागली का गं?"

हर्षिताने पोटाकडे लक्ष दिलं. तिथे काहीतरी होत होतं.

"हो," ती म्हणाली.